हप्ता कुठून येतो?

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात लोकसभेचा निकाल लागला आणि महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी अवघ्या १७ महायुतीच्या हाती लागल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला अर्थमंत्री अजित पवारांनी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडताना ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. महिन्याला १,५०० रुपये, थेट बाईच्या बँक खात्यात. वर्षाचा अंदाजे खर्च ४६,००० कोटी. राखीपौर्णिमेच्या आधी पहिले हप्ते जमा झाले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ जागांपैकी २३० जागा महायुतीतल्या तीन मोठ्या पक्षांनी जिंकल्या. २०१९ ला राज्यातल्या ५९ टक्के स्त्री मतदारांनी मत दिलं होतं, या वेळी ६५ टक्क्यांनी दिलं.

पाच महिन्यांत एवढ्या मोठ्या राज्याचं मत फिरलं, की त्याचा अर्थ लावायची घाई सगळ्यांनाच होते. कुणी म्हणालं बहिणींनी उपकार फेडले, कुणी म्हणालं मतं विकत घेतली. बाईनं घरात बसून चार गोष्टींचा विचार केला असेल आणि मग मत दिलं असेल, ही शक्यता दोन्हीकडे बाजूलाच राहिली.

तासगाव तालुक्यातल्या एका घरात हा वाद तेव्हापासून चालू आहे. मामा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपट तपासण्यात घालवली. भाची जत तालुक्यात बचत गटांचं काम करते; गावोगावच्या बैठका, बँकेचे खेटे आणि कर्जफेडीची खातेवही हेच तिचं रोजचं जग. सणावारी ती तासगावला आली की दोघांचं बोलणं या विषयावर जातंच. दोघांनाही आकडा तोंडपाठ लागतो, आणि दुसऱ्याचा आकडा चुकला तर सोडायची सवय दोघांनाही नाही.

“सरकारनं गरिबाला पैसे देऊ नयेत असं मी कधी म्हटलं?” मामांची सुरुवात बहुधा अशी होते. “माझा सगळा जन्म सरकारचा पैसा मजुराच्या हातावर ठेवण्यात गेला. पण आम्ही पैसे द्यायचो, त्याच्यामागं पाझर तलाव उभा राहायचा. आणि तो पैसा कुणाच्या खिशातून आला, ते कायद्यात लिहिलेलं असायचं.”

मामांच्या या अभिमानाला जागा आहे. रोजगार हमीचा पहिला प्रयोग १९६५ साली झाला तो त्यांच्याच तालुक्यात, विसापूरला. कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते, पण डोकं सतत शेतमजुराच्या रिकाम्या दिवसांत अडकलेलं. जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला ते द्यायचं, एवढी साधी मांडणी त्यांनी केली. मग १९७२ चा दुष्काळ आला. मिलो ज्वारी आणि सुकडीवर गावं जगली. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसं होती: खडी फोडत होती, नालाबांध घालत होती, रस्त्यांची माती वाहत होती. पाऊस आल्यावर सरकारनं हे मोडून काढलं नाही. १९७७ मध्ये रोजगाराच्या हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राला तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

“आणि पैसा?” मामा स्वतःच प्रश्न विचारतात. “१९७५ साली व्यवसाय कर लावला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळ्यांना. त्यांनी जेवढा भरला तेवढाच सरकारनं आपल्याकडून घालायचा आणि तो रोजगार हमीच्या निधीत टाकायचा. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा विसापूरच्या मजुराला. सरळ हिशेब.”

आजही महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर ‘पीटी’ म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. त्या कपातीचा उगम १९७२ च्या दुष्काळात आहे, हे पुण्या-मुंबईच्या किती तरुणांना ठाऊक असेल? ठाऊक असायला हवं. कारण या राज्यानं एकदा शहराला तोंडावर सांगितलं होतं, की गावातल्या माणसाला काम द्यायचंय, त्यासाठी तुमच्याकडून अमुक इतके पैसे घेतोय. त्यासाठी कुठलंही सरकार पडलं नाही.

भाची हे सगळं लहानपणापासून ऐकत आली आहे. ती शांतपणे विचारते, “मामा, तुमच्या कामांवर बाया किती असायच्या?”

“निम्म्याच्या आसपास. कधी जास्तच.”

“आणि कामावर येण्याआधी त्यांनी पाणी भरलेलं असायचं, भाकऱ्या थापलेल्या असायच्या, जनावराला वैरण टाकलेली असायची. त्याचा हजेरीपट कुणी ठेवला?”

तिचं म्हणणं असं, की बाईला काम नाही ही समजूतच मुळात खोटी आहे. तिला मजुरी मिळत नाही एवढंच. जतसारख्या तालुक्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला पुन्हा ‘काम कर, मग पैसे देतो’ असं सांगणं म्हणजे तिचं पहिलं काम नसल्यासारखंच धरणं. दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. गॅस सिलेंडर भरला की निम्म्याहून जास्त संपले. उरलेल्यात सासूची रक्तदाबाची गोळी, पोराच्या वह्या, मायक्रोफायनान्सचा थकलेला हप्ता. “पण ते नवऱ्याकडे मागावे लागत नाहीत, मामा. हा फरक तुम्हाला आकड्यात दिसायचा नाही. माझ्या गटांतल्या कितीतरी बायकांनी एटीएमचं कार्ड पहिल्यांदा स्वतःच्या हातानं वापरलं ते या पैशांसाठी.”

मामा मान डोलावतात, पण सोडत नाहीत. “मग ऑगस्टमध्ये बँकांनी काय केलं? किमान शिल्लक नाही म्हणून त्याच पैशांतून दंड कापला.”

“कापला. आणि सरकारला बँकांना तंबी द्यावी लागली. पण त्या दंडावरून बायका बँकेत भांडायला गेल्या, हेही सांगा ना.”

रोजगार हमी आज पुस्तकांत मानानं मिरवते. ती चालू होती तेव्हा तिच्याबद्दलचं शहरी मत आजच्या लाडकी बहीण योजनेबद्दलच्या मतापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. खड्डे खणायची आणि बुजवायची योजना, पुढाऱ्यांच्या मुकादमांचं कुरण, अशी बोलणी तेव्हाही होत. मामा हे नाकारत नाहीत. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावं त्यांनी स्वतः पकडलेली आहेत. त्यांना जास्त सलते ती दुसरी गोष्ट. १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या पातळीला नेली, ती एकदम जवळपास दुप्पट झाली. कागदावर मजुराचा मोठा विजय. त्यानंतर मात्र कामं निघणंच कमी झालं. मागणी करणारे तेवढेच, पण काम सुरू करायला पन्नास मजूर जमले नाहीत, जागा मंजूर नाही, अंदाजपत्रक तयार नाही, अशी कारणं खालच्या टेबलावर सापडू लागली.

“वर घोषणा मोठी झाली की खाली दार अरुंद होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय,” मामा म्हणतात. “तुझ्या लाडक्या बहिणीचं तेच होणार.”

इथं भाची पहिल्यांदा गप्प होते. कारण ते होऊ लागलं आहे, हे तिला मामांपेक्षा जास्त माहीत आहे.

जुलै २०२४ मध्ये तलाठी कार्यालयांपुढं रांगा लागल्या होत्या. अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा, अधिवासाचा हवा. गर्दी पाहून सरकारनं अटी सैल केल्या: पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी शाळा सोडल्याचा दाखला चालेल, वयाची मर्यादा ६० वरून ६५, पाच एकरांची अट रद्द. निवडणूक होईपर्यंत अर्ज तपासायला कुणाला फारशी सवड नव्हती. ती सवड नंतर मिळाली. २०२५ च्या उन्हाळ्यात छाननी झाली आणि सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे हप्ते थांबवले गेले. त्यांत १४ हजारांहून जास्त पुरुष होते, दोन हजारांवर सरकारी नोकरीतल्या स्त्रिया होत्या. सप्टेंबरपासून सगळ्यांना ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागितला. ज्या विधवेचे वडीलही गेलेत, जिला नवऱ्यानं टाकलंय, तिनं तो ओटीपी कुणाकडून आणायचा? ओरड झाल्यावर पुढं सोय केली गेली. पण योजनेची सर्वांत जास्त गरज जिला होती तीच बाई सर्वांत आधी दाराबाहेर उभी राहिली, हे विसरता येण्यासारखं नाही.

“पुरुष घुसले ते पकडलेच पाहिजेत,” भाची म्हणते. “पण माझ्याकडे येणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा आहे. ती म्हणते, मतदानाआधी मी बहीण होते, मग आता माझ्यावर संशय कसा? तिला काय उत्तर देऊ?”

“उत्तर अर्थसंकल्पात होतं. वाचलं असतंस तर मार्चमध्येच कळलं असतं.”

आणि मग मामा कागद काढतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद ३६,००० कोटींची. एका बाईला वर्षाला १८,००० रुपये. भागाकार केला तर दोन कोटी बायका. निवडणुकीच्या सुमारास लाभार्थींचा आकडा दोन कोटी चाळीस लाखांच्या घरात सांगितला जात होता. त्यांना सगळ्यांना द्यायचे तर ४३,२०० कोटी लागतात. प्रचारात कबूल केलेले २,१०० रुपये द्यायचे तर ६०,४८० कोटी. “म्हणजे मार्चमध्ये ज्यानं ३६,००० हा आकडा लिहिला, त्यानं चाळीस लाख बायका वगळल्या जातील हे धरलं होतं. कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. छाननी नंतर आली, आकडा आधी आला.”

हा मामांचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि भाचीला तो मान्य करावा लागतो. राज्याच्या त्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती, मार्च २०२६ अखेरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. मामांना हे कर्ज रात्री झोपू देत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या एका जमिनीच्या मोबदल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं राज्याला फटकारलं, की योजनांसाठी पैसा आहे आणि दशकांपूर्वी जमीन गमावलेल्या माणसाला द्यायला नाही का. ती बातमी त्यांनी जपून ठेवली आहे.

भाचीला कर्जाची भीती तेवढी वाटत नाही. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या मानानं हे कर्ज १९ टक्क्यांच्या आत आहे, पंजाबचं ४० टक्क्यांच्या वर आहे, हे तिला माहीत आहे. तिचा आक्षेप दुसरीकडे आहे. “कर्ज निघतं तेव्हा बोट आमच्याकडेच का? समृद्धी महामार्गाला ५५,००० कोटींच्या आसपास लागले. ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावरून गाडी नेणाऱ्याला कुणी विचारलं का, की तू यासाठी काय काम केलंस? उद्योगांना सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे, करातून परतावा मिळतो. साखर कारखान्यांची कर्जं थकली तर सरकारची हमी उभी. त्याला कुणी लाडका कारखाना म्हणत नाही.”

“रस्त्यावर टोल येतो. कारखान्यात ऊस जातो, शेतकऱ्याला भाव मिळतो.”

“आणि पोराच्या पोटात दूध गेलं तर काहीच येत नाही?” मग ती तिचा आवडता हिशेब मांडते. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेणाऱ्या बाईचे एका सहीत ८०,००० रुपये वाचतात. जतच्या बाईला महिन्याला दीड हजारांनी तेवढे पैसे मिळायला जवळपास साडेचार वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात तिला कितीदा केवायसी करावी लागेल कोण जाणे. “फ्लॅटवालीची छाननी होत नाही, मामा. तिच्या सवलतीला फुकटचं वाटप असं कुणी म्हणत नाही.”

हा हिशेब ऐकून मामा हसत नाहीत. ते म्हणतात, “ही सवलतही काढा.” भाची म्हणते, “आधी ती काढा, मग माझ्याकडे या.”

यापुढच्या बोलण्यात दोघंही एका बाजूला येतात, आणि तोच या वादाचा गाभा आहे.

जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर ते उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचारपट केलं. वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे मिळतील असा अंदाज सांगितला गेला. त्याआधी, मे महिन्यात, आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेसाठी वळवल्याचं उघड झालं. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. स्वतःच्याच सरकारच्या निर्णयावर मंत्र्याला तक्रार करावी लागली.

आता जतच्या एका वस्तीवर उभं राहून हे पाहावं. त्या घरातल्या बाईला महिन्याला दीड हजार मिळतात. तिचा नवरा गुत्त्यावर जास्त पैसे मोजतो, ते सरकारच्या तिजोरीत जातात. तिची मुलगी वसतिगृहात राहून शिकते, त्या वसतिगृहाच्या खात्यातला पैसा कमी होतो. तिच्या एका हातावर ठेवलेलं तिच्याच घराच्या दुसऱ्या दोन दारांनी बाहेर जाऊ शकतं, आणि याची एका कागदावर कुठंही बेरीज-वजाबाकी नाही. १९७५ सालचा कारकून निदान आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर बघून सांगू शकत होता, की माझे इतके गेले. या बाईला तेवढीही माहिती मिळत नाही. त्याच १,५०० रुपयांसाठी तिच्याकडून काय घेतलं जातंय, हे विचारण्याचा तिचा हक्क आहे, आणि तो हक्क कुठल्याही पक्षानं तिला देऊ केलेला नाही.

“म्हणून मी म्हणतो, लोकमत-लोकमत म्हणू नका,” मामा म्हणतात. “महायुतीनं २,१०० सांगितले, महाविकास आघाडीनं ३,००० सांगितले. मतपत्रिकेवर नको म्हणणारा होता कोण?”

“म्हणजे बायकांनी मत दिलं ते मतच नव्हतं?”

“मत होतं. या योजनेवरचा कौल नव्हता. त्याच मतात सोयाबीनचा भाव होता, हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्या खाली. त्याच मतात मराठा आरक्षण होतं, ओबीसींची काळजी होती, उमेदवार आपल्या तालुक्याचा की बाहेरचा हे होतं. एका बटणात एवढं सगळं कोंबलं, आणि निकालानंतर जो तो आपल्या सोयीचा तुकडा काढून म्हणतो, जनतेनं हे मागितलं.”

शक्तिपीठ महामार्गाचं उदाहरण दोघांच्याही घराजवळचं आहे. नागपूर ते गोवा, सुमारे ८०० किलोमीटर, ८६ हजार कोटींच्या घरातला रस्ता. सांगली-कोल्हापूरच्या बागायतदारांनी त्याला कडाडून विरोध केला. विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागं घेतली गेली. निवडणूक झाली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं प्रकल्पासाठी २० हजार कोटींहून जास्त रकमेला मान्यता दिली. शेतकऱ्याचं मत ऑक्टोबरमध्ये जेवढं मोलाचं होतं तेवढं जूनमध्ये राहिलं नाही. या बाबतीत मामा-भाचीत वाद नाही, राग आहे.

पण लोकांना नीट विचारायची सोयच नाही, असं मामांच्या बोलण्यातून निघतं, ते भाचीला पटत नाही. सोय आहे, आणि ती महाराष्ट्रातच आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के बायकांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तर दुकान बंद. नियम कठीण आहे. जी बाई ऊसतोडीला गेली, जी आजारी आहे, तिची गैरहजेरी उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. तरीही कितीतरी गावांनी हे करून दाखवलं आहे.

“तिथं बाईला नेमकं माहीत असतं, काय मिळणार आणि काय जाणार,” भाची म्हणते. “दुकान गेलं की गावातल्या कुणाचा तरी धंदा जाणार, नवरा चिडणार, चोरून विकणारे येणार. ते सगळं धरून ती आडवीवर शिक्का मारते. मग हीच बाई दीड हजारांचा हिशेब ऐकून मत देऊ शकणार नाही, असं कशावरून? तिच्यापुढं ठेवलाय का कुणी?”

मामांना हा मुद्दा आवडतो. ते लगेच त्यावर योजना रचायला बसतात, महसूल खात्याचा माणूस शेवटी. त्यांच्या मते प्रत्येक ग्रामसभेत वर्षातून एकदा तीन गोष्टी वाचल्या पाहिजेत: गावात किती बायकांना किती पैसे आले, ते राज्यानं कुठल्या कराच्या वाढीतून किंवा कुठल्या खात्यातून आणले, आणि पुढच्या वर्षी किती तरतूद आहे. शिवाय लाभार्थींची यादी चावडीवर लागलीच पाहिजे. हजेरीपट उघडा ठेवला तेव्हाच खोटी नावं सापडली, हा त्यांचा अनुभव.

पहिल्या तीन गोष्टींना भाची तयार आहे. यादीला नाही. “मजुरी घेण्यात लाज नव्हती, मामा, म्हणून हजेरीपट चालला. ही यादी लागली की गावातला सावकार आणि मायक्रोफायनान्सवाला तीच घेऊन दारात येईल. नवऱ्यापासून लपवून चार पैसे ठेवणारी बाई उघडी पडेल. संख्या लावा, नावं नको.”

“नावं नसतील तर पुरुष परत घुसतील.”

“ते तुमच्या संगणकानं पकडायचं. पुरुषाला हप्ता जाणं हा संगणकाचा दोष, त्याची शिक्षा बाईला का?”

यावर त्यांचं एकमत झालेलं नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत. प्रामाणिकपणे पाहिलं तर दोघांकडेही अर्धं अर्धं खरं आहे. रोजगार हमीत जे उघडेपण शक्य होतं ते मजुरी सगळ्यांसमोर, बांधावर, उन्हात कमावली जात होती म्हणून. घरातल्या न मोजलेल्या कामाचा मोबदला द्यायचा तर उघडेपणाची दुसरी रीत शोधावी लागेल, आणि ती शोधायचं काम मंत्रालयात कुणी हाती घेतल्याचं दिसत नाही.

खरी कोंडी मात्र पैशांपाशी येते. भाचीला योजना कायद्यात हवी आहे, रोजगार हमीसारखी. दर निवडणुकीला जिची रक्कम वाढते आणि दर अर्थसंकल्पात जिच्या लाभार्थी घटतात, अशी योजना तिला नको. कायदा हवा तर निधी हवा, आणि निधी हवा तर कर हवा. “तुमच्यासारखाच करा. व्यवसाय कर वाढवा. आमच्या गावासाठी शहरानं पुन्हा एकदा द्यावं.”

“वाढवता येत नाही,” मामा म्हणतात. “घटनेच्या कलम २७६ मध्ये मर्यादा आहे. वर्षाला माणशी २,५००. पूर्वी २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीनं २,५०० केली. तिथंच आहे.”

“१९८८? म्हणजे माझ्या जन्माआधीपासून?”

“हो. तेव्हा २,५०० हा मोठ्या पगारदाराच्या महिन्याचा आकडा होता. आज हिंजवडीत महिन्याला दोन लाख कमावणारा वर्षाला तेवढेच भरतो. आणि पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला तर माफ आहे, ते ठीकच.”

“आणि तेव्हा जमलेला पैसा तरी सगळा रोजगार हमीवर गेला का? नव्वदच्या दशकात कर जमत राहिला आणि कामं कमी झाली, हे तुम्हीच सांगता. मग आताचा निधी तसाच पडून राहणार नाही कशावरून?”

मामांकडे याला उत्तर नाही, आणि ते तसं सांगतातही. निधी वेगळा ठेवला तरी तो खर्च होतो की नाही हे विचारणारा माणूस लागतो. रोजगार हमीच्या बाबतीत तो माणूस होता: लाल निशाणवाले, समाजवादी, शेतकरी कामगार पक्षवाले मोर्चे काढून तहसील कार्यालयात बसत, आणि साहेबाला काम काढून द्यावंच लागे. मामांनी असे मोर्चे टेबलाच्या या बाजूनं झेललेले आहेत. आज कोट्यवधी बायकांच्या नावानं योजना चालते आणि त्यांच्या वतीनं अर्थसंकल्पाच्या आकड्यावर भांडणारी एकही मोठी संघटना नाही. पैसे आले नाहीत की त्या एकेकट्या बँकेत जातात, एकेकट्या अंगणवाडी ताईला विचारतात, एकेकट्या परत येतात.

भाचीनं आता एक काम अंगावर घेतलं आहे. तिच्या गटांच्या बैठकीत कर्जफेडीच्या हिशेबानंतर ती ३६,००० कोटींचा तो भागाकार फळ्यावर मांडते. बायकांना भागाकार लगेच कळतो, कारण गटाच्या खात्यात तो त्या दर महिन्याला करतात. पहिल्या बैठकीत प्रश्न आला, की मग आमच्यातल्या कुणाला काढणार ते आत्ताच सांगा. दुसऱ्या गावात एकीनं विचारलं, दारूचे १४,००० कोटी आमच्याच नवऱ्यांकडून घेताय, तर ते आमच्या खात्यात वेगळे दाखवा. मामांनी हे दोन्ही प्रश्न आमदारांना द्यायच्या निवेदनाच्या भाषेत लिहून दिले, खाली तरतुदीचे आणि शुल्कवाढीचे आकडे जोडले. तिसरा प्रश्न त्यांनी स्वतःचा घातला: व्यवसाय कराच्या मर्यादेसाठी राज्य केंद्राकडे घटनादुरुस्तीची मागणी कधी करणार? भाचीनं तो ठेवला, पण त्याच्याखाली मुद्रांक शुल्कातल्या सवलतीचा चौथा प्रश्न लिहिला, आणि मामांना त्यावरही सही करायला लावली.